एक्केचाळीस बाळांची यादी

खिलारे सिस्टरांनी कॉम्प्युटर रूमच्या बाहेर चपला काढल्या, पदर सारखा केला आणि दारातूनच विचारलं, "यातला कुठला?"

इलाही खुर्चीतून उठला. "काय कुठला, सिस्टर?"

"माझी यादी छापणारा. कुठला कॉम्प्युटर तो?"

खोलीत चारच होते. इलाहीने खिडकीजवळच्याकडे बोट केलं. सिस्टर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, मागच्या वायरीही पाहिल्या.

"बारकाच आहे की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मोठा असेल."

मग त्यांनी पिशवीतून चौघडी घातलेला कागद काढला. दोन्ही कडांना भोकं असलेला, आमच्याच प्रिंटरचा कागद. त्यावर एक्केचाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळ एका बाळाची. लसीचा पहिला डोस मिळालेला, पुढचा एकही नाही.

"गुरुवारी आमची महिन्याची मीटिंग आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरसाहेबांनी हा कागद हातात दिला. म्हणाले, एक्केचाळीस पोरांना एकदा टोचून तुम्ही परत फिरकलाच नाहीत. गुरुवारी खुलासा द्या, नाहीतर मेमो. बावीस वर्षं नोकरी झाली माझी. मेमोचा कागद कसल्या रंगाचा असतो, तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"सिस्टर, बसा ना," मी म्हटलं.

"बसते. साडेपाचची एसटी आहे. तोवर मला एवढं सांगा, की ही पोरं याला कुणी सांगितली?"

सोमवार होता, दुपारचे तीन वाजले होते. यादी आम्हीच केली होती, मी आणि इलाही मुजावरने.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आमच्या कॉलेजात त्याच वर्षी डेटाबेस हा विषय सुरू झाला होता. शिकवायला धनवडे सर. ते मूळचे गणिताचे. पुण्याला जाऊन दोन महिन्यांचा कोर्स करून आले होते आणि आमच्यापेक्षा एक धडा पुढे राहून शिकवत होते, हे ते स्वतःच सांगायचे. विषय त्यांनी सोपा करून सांगितला होता. माहितीचं टेबल करायचं. उभे रकाने, आडव्या ओळी. एका ओळीत एकच माणूस आणि एका माणसाची एकच ओळ. ती ओळ नेमकी कुणाची, हे ज्यावरून कळतं ती तिची 'की'. आणि चुकीची माहिती आत शिरू नये म्हणून दारावर राखणदार बसवायचे, म्हणजे अटी घालायच्या. तारखेच्या रकान्यात तारीखच. आकड्याच्या रकान्यात आकडाच.

प्रोजेक्टला कुणी लायब्ररी घेतली, कुणी होस्टेलची मेस. आम्हाला सरांनी आरोग्य केंद्राचं लसीकरण दिलं. तिथले डॉक्टर लोहकरे त्यांचे मित्र. खिलारे सिस्टरांकडे आठ गावं-वाड्या होत्या आणि प्रत्येक गावाची एक जाड वही. त्या आठ वह्या आणायला आम्ही गेलो तेव्हा सिस्टर दहा मिनिटं भेटल्या. "काही अडलं तर विचारायला या," म्हणाल्या होत्या. आम्ही गेलो नाही. सगळं वहीत तर होतं. तीन आठवडे बसून आम्ही इंग्रजी अक्षरांत सगळ्या नोंदी भरल्या. तीनशे बारा बाळं. मग एक प्रश्न टाकला, की पहिला डोस आहे पण पुढचा नाही अशी कोण? आणि कॉम्प्युटरने एका दमात एक्केचाळीस ओळी काढून दिल्या. डॉक्टर लोहकरे स्वतः बघायला आले होते. त्यांनी माझी पाठ थोपटली. सर इतके खूश झाले, की त्यांनी सगळ्या वर्गाला चहा पाजला.

त्या कागदावर कुणाचं काही जाऊ शकतं, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

"नावं वाच बघू," सिस्टर म्हणाल्या. "माझा चष्मा घरी राहिला."

मी वाचायला लागले. "एक. नाव, बाळ. वडील, दगडू शेवाळे. गाव, कोळेवाडी."

"कोण वडील?"

"दगडू शेवाळे."

सिस्टर हसायलाच लागल्या. "अगं, दगडूआण्णा साठीला आलाय! त्याला कुठलं गं बाळ आता? ते त्याच्या लेकीचं."

"पण वहीत त्यांचंच नाव होतं, सिस्टर," इलाही म्हणाला. "रकान्यात."

"रकान्यावर काय लिहिलंय माझ्या? वही आहे का इथं?"

होती. इलाहीने कोळेवाडीची वही काढून उघडली. रकान्याच्या डोक्यावर शाईने स्वच्छ लिहिलं होतं, 'घर'.

"घर म्हणजे कुणाच्या घरी जायचं ते," सिस्टर म्हणाल्या. "मी लसीचा डबा घेऊन वाडीत शिरले की मला उंबरा कळायला पाहिजे. बाप कोण, ते मी कशाला विचारू? वडिलांचा रकाना तुमचा आहे, माझा नाही."

इलाहीने माझ्याकडे पाहिलं. आम्हीच ठरवलं होतं ते. बाळाचं नाव, वडिलांचं नाव, गाव. तिन्ही मिळून ओळख. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं.

"आणि नाव बाळ का?" त्याने विचारलं. "निम्म्या जणांचं नाव बाळ आहे. आम्हाला वाटलं, लिहायचं राहिलं."

"बारशाआधी नाव कुठून आणू? मी बीसीजी टोचते तेव्हा ते बाळच असतं." सिस्टर आता खुर्चीत नीट टेकून बसल्या. समजावून सांगायची त्यांची रीत मला तेव्हापासून आवडते. घाई नाही, आवाज चढवणं नाही. "हे बघ पोरी. पहिलं बाळंतपण कुठं होतं?"

"माहेरी."

"दीड-दोन महिने लेक माहेरी असते. दीड महिन्याला त्रिगुणीचा पहिला डोस. तो दिल्याशिवाय मी लेकीला गावाची वेस ओलांडू देत नाही. मग ती जाते सासरी. पुढचे डोस कुठं घ्यायचे?"

"सासरी."

"मग? या वहीत कसे सापडतील?"

"पण सासरचं गाव तुमच्याकडंच असलं तर?" मी विचारलं. "आठातलंच असलं तर?"

"तर मीच टोचते. त्या गावच्या वहीत लिहिते. पहिल्या डोसाच्या घरात तारीख कशी घालू? तो मी तिथं दिलेला नाही. तिथं गोल करते. गोल म्हणजे माहेरी झालाय."

माझी नजर टेबलावरच्या फाइलीकडे गेली.

गोल मला माहीत होते. वह्या भरताना ते मध्ये मध्ये यायचे. पहिल्या डोसाच्या घरात तारखेऐवजी लहानसं वर्तुळ, आणि पुढे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या डोसाच्या तारखा. तारखेच्या रकान्यात गोल बसत नव्हता. शिवाय मी स्वतः एक अट लिहिली होती, की पहिला डोस नसेल तर दुसरा घ्यायचाच नाही. तशी नोंद टाकली की कॉम्प्युटर बीप करायचा आणि ओळ नाकारायचा. तो बीप मला फार आवडायचा. माझा राखणदार चोख आहे असं वाटायचं. त्याने अशा चौतीस ओळी परत पाठवल्या होत्या. त्या मी एका फुलस्केप कागदावर उतरवून घेतल्या होत्या आणि तो कागद फाइलीत तळाशी ठेवून दिला होता. सरांना सांगितलं नव्हतं. तीनशे बारा स्वच्छ ओळी दिसायला छान दिसत होत्या.

इलाहीला माहीत होतं. तो माझ्याकडे बघत होता.

"साहेबांना हेच सांगितलं मी," सिस्टर म्हणत होत्या. "पण ते म्हणाले, बाई, माणूस चुकेल, कॉम्प्युटर चुकत नाही. आता यावर मी काय बोलणार?"

मी फाइल उघडली. कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

मग मला आठवलं, की त्यांच्याकडे चष्मा नाही आणि आता त्या मला वाचायला सांगतील. पण मथळा मी मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून लिहिला होता. त्यांनी कागद हात लांब करून धरला आणि तो मथळा त्यांना वाचता आला.

'सिस्टरांच्या चुका.'



"अक्षर छान आहे तुझं," सिस्टर म्हणाल्या.

मला रडू आलं. त्यांनी येऊ दिलं. इलाही उगाचच प्रिंटरच्या कागदाची चवड सारखी करत राहिला.

"झालं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "मग आता सांग, हे चौतीस आणि ते एक्केचाळीस, एकमेकांना कसे भेटवायचे? तुला यायला पाहिजे. तू शिकतीस ना तेच?"

रडण्यापेक्षा ते सोपं होतं. मी डोळे पुसले आणि अट काढून टाकली. नवा तक्ता उघडून त्यात त्या चौतीस ओळी भरायला घेतल्या. इलाही वाचायचा, मी टाइप करायची. अर्ध्या तासात झालं. पण जुळवायचं कशावरून? बाळाचं नाव जुळत नव्हतं. माहेरच्या वहीत 'बाळ', सासरच्या वहीत संदीप, नाहीतर वंदना. घर वेगळं, गाव वेगळं.

"आईचं नाव!" इलाही म्हणाला. "आई तर तीच आहे."

आम्ही आईच्या नावावरून शोध लावला. कॉम्प्युटरने एक ओळ दिली. फक्त एक.

"सिस्टर, हे बरोबर नाही," मी म्हटलं. "आयासुद्धा वेगळ्या आहेत."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! लग्नात नाव बदलत नाहीत का? तुझ्या आईचं बदललं नाही?"

बदललं होतं. माझी आई माहेरी हौसा होती आणि आमच्या घरी सुनीता. मामा आले की ते "हौसे" अशी हाक मारायचे आणि ती वेगळ्याच आवाजात ओ द्यायची. हे मी जन्मापासून ऐकत होते. माझ्या आत्यांची, मावश्यांची, सगळ्यांची दोन-दोन नावं मला तोंडपाठ होती. आणि टेबल काढताना मी 'आईचं नाव' असा एकच रकाना पंधरा अक्षरांचा काढला होता आणि पुढे गेले होते.

"आमच्यात बदलत नाहीत," इलाही म्हणाला. "माझी आपा अजून नूरजहाँच आहे."

"म्हणून ती एक ओळ सापडली," सिस्टर म्हणाल्या. "ती कोळेवाडीच्या मुल्लांची असणार."

ती त्यांचीच निघाली.

शेवटी जन्मतारीख उरली. ती दोन्हीकडे होती आणि ती बदलत नाही. दोन्ही याद्या आम्ही तारखेप्रमाणे लावल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच दिवशी दोन-तीन बाळं जन्मलेली असली तर कॉम्प्युटर थांबायचा आणि आम्ही सिस्टरांकडे बघायचो.

"चौदा मार्च. कोळेवाडी, शेवाळ्यांचं घर. आणि इकडे दोन आहेत, खालची वाडी आणि निंबखोरी."

"शेवाळ्यांची शोभा निंबखोरीला दिलीय. तिथं ती वैशाली झाली. खालच्या वाडीचं ते दुसरं, ते बाहेरून आलंय."

"दोन एप्रिल."

"ते जुळं. दोन्ही घे. एकालाच घेऊ नको, दुसरं भांडायला येईल."

धनवडे सर साडेचारच्या सुमाराला आत आले. सिस्टरांना बघून नमस्कार केला, आणि मग पडद्याकडे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बीपचं, चौतीस ओळींचं, कागदाचं, मथळ्याचंसुद्धा.

सरांनी तो फुलस्केप कागद उचलून वाचला. "पहिला नसेल तर दुसरा घ्यायचा नाही, ही अट तुला कुणी शिकवली?"

"तुम्हीच, सर."

"मग निम्मी चूक माझी." त्यांनी एक स्टूल ओढलं आणि आमच्याशेजारी बसले. "वाच पुढं, मुजावर."

पाच वाजेपर्यंत एकोणतीस बाळं दोन्हीकडची जुळली. एकोणतीसांना पुढचे डोस वेळेवर मिळाले होते, सिस्टरांच्याच हाताने. दुसऱ्या कागदावरची दोन बाळं परगावच्या माहेरांतून इथे आलेली, त्यांचा या यादीशी संबंध नव्हता. यादीतली नऊ उरली, ती आठ गावांच्या बाहेर सासरी गेलेली.

आणि तीन.

त्या तिघांची तारीख जुळली. घर सिस्टरांनी ओळखलं. पण सासरच्या वहीत त्यांच्यापुढे तारखा नव्हत्या. गोल होते. पहिल्या डोसाला गोल, दुसऱ्याला गोल, तिसऱ्याला गोल. तिन्ही माहेरी झाले असा अर्थ. आणि माहेरच्या वहीत एकच तारीख होती.

इलाहीने ते वाचलं आणि थांबला. सिस्टरांनी मान मागे घेऊन डोळे बारीक केले. तिन्ही ओळी त्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत पाहिल्या.

दोन वह्या वेगवेगळ्या होत्या तोवर हे कुणालाच दिसलं नसतं. बावीस वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं.

"सिस्टर," इलाही हळूच म्हणाला, "तीनच आहेत. गोल आहे म्हटल्यावर झालंच असणार. बत्तीस जुळले म्हणून सांगूया का?"

सिस्टर उठल्या. घड्याळ बघितलं, पिशवी उचलली, चपला घातल्या आणि एसटी गाठायला गेल्या.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघे आरोग्य केंद्रात गेलो. सर म्हणत होते, मी एकटा जाऊन सांगतो. मी म्हटलं, कागद माझ्या अक्षरातला आहे. आदल्या दिवशी मी दोन याद्या छापून घेतल्या होत्या. एकोणतीसांची एक आणि नऊ जणांची एक. त्या तिघांचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा तिसरा कागद केला होता आणि तो पिशवीत ठेवला होता. काढायचा की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं.

खोलीत बाकांवर अकरा सिस्टर बसल्या होत्या. खिलारे सिस्टर मागच्या बाकावर. डॉक्टर लोहकरे टेबलामागे. मी उभी राहून सांगायला सुरुवात केली. आम्ही रकाना चुकीचा काढला. सिस्टरांना विचारलं नाही. चौतीस नोंदी नाकारल्या आणि ते लपवलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे कॉम्प्युटर चुकतो?"

"कॉम्प्युटर नाही, सर. आम्ही."

"अरे, मी ही यादी पार जिल्ह्याला कळवून बसलोय! आता मेमो कुणाला देऊ? तुला?"

"द्या सर," इलाही मागून म्हणाला. "आमच्या घराण्यात अजून कुणाला सरकारी कागद आलेला नाही."

बाकांवर हशा पिकला. डॉक्टरही हसले, मनात नसताना. मग त्यांनी दुसरी यादी मागितली. बाहेर गेलेल्या नऊ जणांची. मी वाचायला लागले. जन्मतारीख, माहेरचं घर, सासरचं गाव.

पहिलीच ओळ वाचली तशी पुढच्या बाकावरची एक सिस्टर म्हणाली, "थांब थांब. हे माझ्याकडं आहे की! गुटगुटीत, काळंसावळं. तिसरा डोस झालाय."

दुसऱ्या ओळीला खिडकीजवळची उठली. तिसऱ्या आणि चौथ्याला एकदम दोघी. त्यांनी आपापल्या वह्या उघडल्या. त्यांच्या वह्यांतही गोल होते. गोल खिलारे सिस्टरांनी एकटीने काढलेला नव्हता. सगळ्या सिस्टर तोच गोल काढत होत्या, एकमेकींना न विचारता, कारण दुसरं काही काढण्याजोगं नव्हतं. नऊच्या नऊ बाळं त्या खोलीत सापडली. नवव्याला तर कुणीतरी टाळी वाजवली.

डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. "एकोणतीस आणि नऊ, अडतीस. एक्केचाळीस होती ना? उरलेली तीन?"

माझा हात पिशवीत होता. कागद बोटांना लागत होता. मी मागच्या बाकाकडे बघितलंही नाही.

"ती माझी, साहेब."

खिलारे सिस्टर उभ्या राहिल्या होत्या.

"तिन्ही माझ्याच गावांत आहेत. मी दारात गेले तेव्हा सून शेतावर होती. सासू म्हणाली, सगळं माहेरी झालंय. मी ऐकलं आणि गोल केला. माझीच वही मी उघडून बघितली असती तर कळलं असतं. तिन्ही ठिकाणी तसंच."

डॉक्टर पेनाचं टोपण काढून घालत होते.

"शनिवारपर्यंत होतील?" त्यांनी विचारलं.

"उद्याच."

"आणि मेमोचं?"

"तो उद्या संध्याकाळी द्या, द्यायचा असला तर. सकाळी मला लसीच्या डब्यात बर्फ भरायचाय."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. "बसा, बाई," ते म्हणाले, आणि मीटिंग पुढे सुरू झाली.

पुढे मी एकतीस वर्षं हाच विषय शिकवला. आता निवृत्त झाल्यावर शनिवारी गल्लीतली सातवी-आठवीची पोरं येतात. त्यांना मी टेबल कसं काढायचं ते वहीवरच शिकवते आणि रकाने आखण्याआधी एकदा शेजारच्या घरी जाऊन विचारून यायला पाठवते. ती कुरकुरतात. जातात मात्र. आल्यावर त्यांचे रकाने बदललेले असतात.

पण सांगायचं आहे ते शुक्रवारचं.

शुक्रवारी मी सिस्टरांबरोबर गेले. इलाही नवा तक्ता आखायला मागे राहिला होता. आता प्रत्येक बाळाला एक नंबर असणार होता. तो नंबर एका जाड कार्डावर, आणि कार्ड आईजवळ. आई माहेरी गेली तरी बरोबर, सासरी आली तरी बरोबर. आठ गावांच्या आठ वह्या एकाच नंबराला येऊन मिळणार होत्या. कार्डाचा नमुना मी हाताने आखला होता. बाळाचा नंबर, जन्मतारीख, डोसांच्या तारखा, आणि आईची दोन नावं.

पहिली दोन घरं निंबखोरीत होती. तिथं पटकन झालं. तिसरं वरच्या वाडीत, चढावर. सिस्टरांनी लसीचा डबा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. मी मागितला तर दिला नाही.

सासू, गोदाक्का, अंगणात शेंगा फोडत होत्या. "काय ओ सिस्टर? झालंय म्हटलं हुतं की मी."

"तुम्ही म्हटलं, मी ऐकलं," सिस्टर म्हणाल्या. "दोघींचीही चूक झाली. पोरगी कुठाय?"

सून आज घरी होती. विशीतली, कपाळावर गोंदलेलं. सात महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन ती बाहेर आली. सिस्टरांनी मुलीशी जरा गप्पा मारल्या, तांदळासारखे दोन दात आलेत म्हणून कौतुक केलं आणि त्या बोलण्यातच सुई टोचली. मुलीने क्षणभर विचार केला आणि मग वाडी डोक्यावर घेतली. सून तिला खांद्यावर घेऊन थोपटू लागली.

मी ओट्यावर कार्ड ठेवून लिहायला घेतलं. नंबर घातला, तारीख घातली.

"आईचं नाव?"

"सविता," गोदाक्का म्हणाल्या.

मी लिहिलं. "आणि माहेरचं?"

"म्हायेरचं आता कशाला?" गोदाक्कांनी शेंग मोडली. "लग्नाला दोन वर्सं झाली."

"रकाना आहे," सिस्टर डबा बंद करत म्हणाल्या. "रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर घेत नाही."

हे खरं नव्हतं. तशी काही अट मी घातली नव्हती.

सून एकदा सासूकडे बघून माझ्याकडे बघायला लागली. मुलगी अजून हुंदके देत होती. तिच्या पाठीवरचा हात थांबला.

"कस्तुरा," ती म्हणाली. आणि मग शाळेत हजेरीला उभं राहिल्यासारखं नीट, पूर्ण म्हणाली, "कस्तुरा बाबू घोलप."

मी लिहिलं. ती दोन पावलं जवळ आली.

"कुठं लिवलं?"

मी कार्ड पुढे केलं. तिने बोट ठेवून वाचलं. सातवीपर्यंत शिकलेली होती, नंतर कळलं.

"ह्ये ऱ्हाणार का?"

"राहणार. कार्डावर पण आणि कॉम्प्युटरमध्ये पण."

"काय म्हंतीया?" गोदाक्कांनी विचारलं.

"काय न्हाई आत्ती, पोरीचं कार्ड बघतीया." मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "एकदा वाचून दावा की."

मी वाचलं.

तिने मुलीला खांद्यावरून खाली घेतलं, तिचं रडून लाल झालेलं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "आयकलंस का? ह्ये माझं नाव."